९० दिवसांत बाळंतपण मावत नाही

प्रश्न : मी सांगलीत विश्रामबागेत राहते. मिरज तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. आमची एकुलती एक लेक न्यू जर्सीत असते. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिची तारीख आहे. आम्ही दोघांनी ऑक्टोबरअखेर जायचं आणि मार्चअखेर परतायचं असं ठरवलंय. माझ्याकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे, तो जुन्या पासपोर्टवर आहे. मिस्टर बरीच वर्षं इंग्लंडात नोकरीला होते. त्यांचा पासपोर्ट ब्रिटिश आहे आणि इथं ते ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डावर, राहतात. ते म्हणतात, मला व्हिसा लागतच नाही, ऑनलाइन फॉर्म भरला की झालं. जावई म्हणतात, त्यावर ९० दिवसच राहता येतं. भाचा म्हणतो, दिवस संपत आले की दोन दिवस कॅनडातून नायगारा बघून या, परत ९० मिळतात. शेजारचे काका म्हणतात, दहा वर्षांचा व्हिसा असला की कितीही राहा. परतताना लेस्टरला नणंदेकडे आठ दिवस थांबायचंय. मिस्टर ऑगस्टमध्येही तिच्याकडे जाणार आहेत. सासूबाई ८६ वर्षांच्या आहेत, त्या तेवढे महिने तासगावला धाकट्या दिरांकडे राहतील. माझं डोकं पार भंडावून गेलंय. काय करावं?

उत्तर : ताई, नमस्कार. लेकीच्या बातमीबद्दल आधी मनापासून अभिनंदन. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी सांगते, कारणं मागाहून. मिस्टरांनी अमेरिकेचा पर्यटक व्हिसा, म्हणजे बी-२, काढण्याची तयारी आजपासून सुरू करावी. त्यांना व्हिसा लागत नाही हे खरं आहे, पण ते ९० दिवसांपुरतंच खरं आहे. तुमचा बेत पाच महिन्यांचा आहे. भाच्याचं म्हणणं चूक आहे, शेजारच्या काकांचंही चूक आहे. जावयांचं बरोबर आहे.

मिस्टर ज्याच्याबद्दल बोलताहेत ती अमेरिकेची व्हिसामाफीची योजना. १९८६च्या कायद्यात तिची तरतूद झाली आणि १९८८ मध्ये सुरू झाली तेव्हा पहिला देश होता ब्रिटन. २००० साली ती कायमची झाली. आज चाळीसच्या वर देश तिच्यात आहेत. आपला देश नाही, कारण ज्या देशाच्या पर्यटक व्हिसाच्या अर्जांपैकी ३ टक्क्यांहून कमी नाकारले जातात, त्यालाच ही माफी मिळते, आणि आपण त्या आकड्याच्या जवळपासही नाही. २००९च्या जानेवारीपासून या देशांच्या नागरिकांना निघण्याआधी ईस्टा नावाची ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. मिस्टर म्हणतात तो फॉर्म हाच. फी सुमारे ४० डॉलर, मंजुरी दोन वर्षांसाठी किंवा पासपोर्टची मुदत संपेपर्यंत. मुलाखत नाही, रांग नाही. चार दिवसांसाठी मीटिंगला किंवा पंधरा दिवस फिरायला जाणाऱ्याला यासारखी सोय नाही.

पण मुलाखत न घेता आत सोडताना अमेरिका त्या माणसाकडून काही गोष्टी लिहून घेते, आणि त्या फॉर्मच्या बारीक अक्षरांत असल्यामुळे कुणी वाचत नाही. पहिली गोष्ट, ९० दिवस संपले की निघायचं, मुदत वाढवून मिळणार नाही. दुसरी, तिथं असताना दुसऱ्या प्रकारच्या व्हिसावर बदलून घेता येणार नाही. तिसरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं आत सोडायला नकार दिला किंवा पुढे कधी परत पाठवायचं ठरवलं, तर त्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्क आपण आधीच सोडून दिलेला असतो. आश्रय मागणाऱ्यांचा अपवाद सोडला तर बोलायला जागाच राहत नाही. थोड्या दिवसांच्या फेरीत या अटींचं काही वाटत नाही. बाळंतपणासारख्या कामात मात्र नेमकं इथंच घोडं पेंड खातं.

तुमचा हिशेब मांडून बघा. ऑक्टोबरच्या शेवटी तुम्ही दोघं उतरलात, तर मिस्टरांचे दिवस जानेवारीच्या शेवटी संपतात. तारीख नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. पहिलटकरणीची तारीख आठ-दहा दिवस पुढं गेली तर बाळ डिसेंबरात येणार. सिझेरियन झालं तर लेकीला जड उचलायला पहिले काही आठवडे मनाई. म्हणजे मिस्टर निघतील तेव्हा बाळ जेमतेम दोन महिन्यांचं असेल.

आता तुमच्या पत्रात नसलेली एक गोष्ट सांगते, कारण तारखा ठरवताना ती हाताशी हवी. अमेरिकेच्या केंद्राच्या कायद्यात पगारी बाळंतपणाची रजा नाही. १९९३च्या कायद्यानं १२ आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते, तीही कंपनीत ५० किंवा त्याहून जास्त माणसं असतील आणि नोकरीला वर्ष झालं असेल तर. न्यू जर्सीत राज्याच्या स्वतःच्या योजना आहेत, त्यातून रजेच्या काळात काही रक्कम मिळते आणि दिवसही थोडे जास्त पडू शकतात. लेकीनं आपल्या एचआरकडून नेमके दिवस लिहून घ्यावेत. पण साधारण हिशेब असा, की फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये ती कामावर रुजू होईल. घरात दोन मोठी माणसं खरी लागतात ती त्या दिवसांत. सकाळी लेक-जावई दोघं कॉम्प्युटरसमोर बसलेले, बाळ जागं, थंडी अशी की दार उघडवत नाही. अशा वेळी तुम्ही एकट्या. मिस्टर आधीचे तीन महिने राहून ऐन गरजेला निघून आले, तर त्या राहण्याचा निम्मा उपयोग गेला. म्हणून मी म्हणते, तुमची दोघांची मुदत एकच असावी.

भाच्याचा नायगाराचा सल्ला मी सातारा-सांगलीतल्या कितीतरी घरांतून ऐकलाय, त्यामुळे त्याला दोष देत नाही. पण नियम अगदी स्पष्ट आहे. व्हिसामाफीवर आलेला माणूस कॅनडा, मेक्सिको किंवा आसपासच्या बेटांवर जाऊन आला तर ते दिवस त्याच ९० मध्ये धरले जातात. घड्याळ थांबत नाही आणि नव्यानं सुरूही होत नाही. शिवाय तुम्हाला, भारतीय पासपोर्ट म्हणून, कॅनडाचा वेगळा व्हिसा लागेल. म्हणजे मिस्टर पलीकडे आणि तुम्ही बर्फात अलीकडे उभ्या.

आणि 'चार-आठ दिवस जास्त झाले तर काय होतंय' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. व्हिसामाफीवर एक दिवस जरी जास्त राहिलं, तरी पुढं ती माफी बंद होते. मग आयुष्यभर प्रत्येक फेरीला व्हिसा काढा आणि प्रत्येक मुलाखतीत त्या एका दिवसाचा खुलासा करा. हॉस्पिटलात दाखल व्हावं लागलं किंवा विमानंच बंद पडली, तर ३० दिवसांपर्यंत सवलत देण्याची एक तरतूद आहे. ती मुदतवाढ धरू नका. आणीबाणीत अधिकाऱ्याच्या मर्जीवर मिळणारी ती मोकळीक आहे, आणि मुदत संपायच्या आत मागावी लागते. 'बाळ लहान आहे, लेकीला सोडवत नाही' हे कारण त्यात बसत नाही.

आता तुमच्या व्हिसाबद्दल. दहा वर्षं ही दारावर जाऊन बेल वाजवण्याची मुदत आहे. आत किती दिवस राहायचं ते त्या दिवशी विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ते आय-९४ नावाच्या नोंदीत लिहिलं जातं. बी-२ वर येणाऱ्याला साधारणपणे सहा महिने मिळतात. तुमच्या पाच महिन्यांना ते पुरतात. ती तारीख उलटली तर व्हिसावर पुढची सहा वर्षं शिल्लक असली तरी तो त्या क्षणी रद्द ठरतो. आय-९४ च्या तारखेनंतर १८० दिवसांहून जास्त राहून बाहेर पडलं तर तीन वर्षं आणि वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर दहा वर्षं प्रवेशबंदी. शेजारच्या काकांना हे जरूर सांगा, म्हणजे पुढच्या माणसाला ते नीट सांगतील.

व्हिसा जुन्या पासपोर्टवर असल्याची काळजी करू नका. पासपोर्ट रद्द झाला तरी त्यावरचा व्हिसा मुदतीत असेल आणि पान फाटलेलं-खराब झालेलं नसेल, तर तो चालतो. दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवायचे. फक्त नव्या पासपोर्टची मुदत बघा. ती सहा महिन्यांच्या आत संपत असेल, तर अधिकारी आय-९४ वर तीच तारीख टाकतो आणि हातात आलेले महिने कमी होतात. मिस्टरांच्या पासपोर्टचंही तेच.

बी-२ ची मुदत गरज पडली तर वाढवता येते. आय-५३९ नावाचा अर्ज आय-९४ ची तारीख संपण्याआधी करायचा असतो, ४५ दिवस आधी केलेला बरा. व्हिसामाफीत हा रस्ताच नाही, इथं तो आहे, एवढाच फरक लक्षात ठेवा. ठरवून त्यावर विसंबू नका. पाच महिने सांगून गेलात तर पाच महिन्यांत परत या. पुढच्या वर्षी नातवंडाच्या वाढदिवसाला जाल तेव्हा अधिकारी मागची नोंद उघडून बघणारच आहे.

इथवर सगळं बी-२ च्या बाजूनं झालं. पण एक धोका आहे आणि तो तुमच्यापासून लपवणं मला बरोबर वाटत नाही. मिस्टरांनी व्हिसासाठी अर्ज केला आणि तो नाकारला गेला, तर ईस्टाही बहुतेक हातची जाते. 'तुम्हाला कधी अमेरिकेचा व्हिसा नाकारला आहे का' असा प्रश्न त्या फॉर्मवर थेट आहे आणि नकार आल्यावर तिथं 'हो' लिहावं लागतं. खोटं लिहिण्याचा विचारही करू नका, सगळं त्यांच्या नोंदीत असतं. म्हणजे आज जे ९० दिवस न मागता मिळताहेत तेही गमावण्याची शक्यता आहे. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागण्यासारखं आहे का, हे दोघांनी बसून ठरवायला हवं.

माझं मत विचाराल तर, धोका घेण्यासारखा आहे. एकतर ९० दिवसांहून जास्त राहायचं असेल तर माफीवर येऊ नका, व्हिसा काढा, असं अमेरिकेचं परराष्ट्र खातं स्वतःच सांगतं. मिस्टर आडवाटेनं जात नाहीत, सांगितलेल्या दारानंच जाताहेत. दुसरं, अधिकाऱ्याला खात्री हवी असते ती माणूस परत येईल याची, आणि तुमच्याकडं ती दाखवायला भरपूर आहे. विश्रामबागेतलं घर, तुमची पेन्शन, तासगावला वाट बघणाऱ्या ८६ वर्षांच्या आई. इंग्लंडात इतकी वर्षं राहून, तिथलं नागरिकत्व घेऊन जो माणूस शेवटी सांगलीत येऊन राहिला, त्याची ओढ कुणीकडं आहे हे वेगळं सांगायला नको. लेक एकुलती एक आणि तीच अमेरिकेत, ही एक गोष्ट विरुद्ध जाऊ शकते, तेवढी मनात धरून मुलाखतीला जावं.

अर्ज कुठं करायचा? सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेनं असं ठरवलंय, की पर्यटक व्हिसाचा अर्ज आपण राहतो त्या देशात किंवा ज्याचे नागरिक आहोत त्या देशात करावा. मिस्टरांना त्यामुळे दोन्ही दारं उघडी आहेत, मुंबई आणि लंडन. मुंबईत पहिल्यांदा व्हिसा काढणाऱ्याला मुलाखतीची तारीख मिळायला फार थांबावं लागतं, कधी कधी महिनोन्‌महिने. म्हणून आज दोन्हीकडची प्रतीक्षा त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर बघा. ऑगस्टमध्ये ते लेस्टरला जाणारच आहेत, तेव्हा लंडनची तारीख बसली तर काम सोपं होईल. मात्र फी भरण्याआधी ठरवा, कारण १८५ डॉलर एका देशात भरले की ते दुसऱ्या देशात चालत नाहीत आणि परतही मिळत नाहीत. व्हिसा मंजूर झाला की चिकटवण्यासाठी पासपोर्ट काही दिवस ठेवून घेतात. त्यामुळे लंडनहून परतीचं तिकीट मुलाखतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचं काढू नका. आणि मुलाखत लंडनला झाली तरी 'मी सांगलीत राहतो' हेच सांगायचं आणि त्याचे कागद तिकडं न्यायचे. ओसीआय कार्ड, घराचा उतारा, घरपट्टीची पावती, बँकेचं पासबुक.

व्हिसासाठीचा डीएस-१६० नावाचा अर्ज मिस्टरांनी स्वतः बसून भरावा. गावात दोन-पाच हजारांत भरून देणारे भेटतात. त्यातले काही चांगले आहेत. पण नोकरीच्या तारखा, आधीचे प्रवास, नातेवाईक कुठं आहेत ही उत्तरं दुसऱ्यानं अंदाजानं भरली की मुलाखतीत माणूस गडबडतो. ईस्टाच्या बाबतीत तर सरकारी दिसणारी खासगी संकेतस्थळं आहेत, ती ४० डॉलरच्या जागी दुप्पट-तिप्पट घेतात. पत्ता डॉट जीओव्हीनं संपतोय ना, एवढं बघा.

मुलाखत दोन-तीन मिनिटांची असते, काचेच्या खिडकीपलीकडून. फायली उघडून बघतीलच असं नाही, बऱ्याचदा कागदाला हातही लावत नाहीत. मिस्टरांना पहिला प्रश्न बहुधा हाच येईल, की ब्रिटिश पासपोर्ट असताना व्हिसा कशाला? उत्तर सरळ आहे. लेकीचं बाळंतपण आहे, बायकोबरोबर पाच महिने राहायचंय, ९० दिवस पुरत नाहीत. पुढचे प्रश्न ठरलेले. खर्च कोण करणार, घरी कोण आहे, परत कधी. 'बाळ सांभाळायला चाललोय' असं कामाला लागल्यासारखं बोलू नये, कारण पर्यटक व्हिसावर नोकरी करता येत नाही आणि त्या शब्दांनी शंका येते. पण बाळंतपण लपवायचंही नाही. तुम्ही लेकीकडे चाललाय, पहिलं नातवंड बघायला, हेच खरं आहे आणि हेच बोलायचं. पाठ केलेली वाक्यं नकोत. विचारलं तेवढंच सांगावं.

मुंबईच्या तारखेला महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री बसलात तर सकाळी सीएसएमटीला उतरता. वांद्रे-कुर्ला संकुलात वकिलातीत मोबाइल, लॅपटॉप, मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत. मिस्टरांबरोबर तुम्ही किंवा दिरांपैकी कुणी बाहेर थांबायला असलं तर मोबाइल ठेवायला परक्या माणसाचा हात धरावा लागत नाही. ठसे आणि फोटोची भेट वेगळ्या दिवशी असते. दोन्ही भेटी लागोपाठच्या दिवशी घेता आल्या तर एक खेप वाचते.

व्हिसा मिळाल्यावरही एका जागी चूक होते, आणि ती नेमकी मिस्टरांसारख्या माणसाच्या बाबतीत होते. समजा पासपोर्टवर बी-२ चिकटलाय आणि आधीची ईस्टाही जिवंत आहे. काउंटरवरची मुलगी ब्रिटिश पासपोर्ट यंत्रातून फिरवते, ईस्टा दिसते, बोर्डिंग पास देते. पलीकडे नेवार्कच्या विमानतळावर अधिकाऱ्यानंही तसंच केलं तर? व्हिसा असूनही माफीवर नोंद, ९० दिवस. म्हणून मिस्टरांनी व्हिसाचं पान उघडूनच पासपोर्ट पुढं करावा आणि स्पष्ट सांगावं, मला बी-२ वर प्रवेश हवाय, मार्चअखेरपर्यंत राहणार आहे. परतीचं तिकीट हातात असू द्यावं. हल्ली शिक्का मारतीलच असं नाही. म्हणून घरी पोचल्यावर त्याच दिवशी जावयांना आय-९४ ची नोंद ऑनलाइन उघडायला सांगा. प्रवेशाच्या प्रकारापुढं बी-२ असलं पाहिजे. तिथं डब्ल्यूटी अशी अक्षरं दिसली तर ती व्हिसामाफीची खूण. तसं झालं तर घाबरू नका, पण बसूनही राहू नका. अशा चुका दुरुस्त करण्यासाठी सीमाशुल्क आणि सीमा सुरक्षा खात्याची डिफर्ड इन्स्पेक्शनची कार्यालयं असतात, तिथं लगेच संपर्क करायचा. जानेवारीत जाग आली तर उशीर झालेला असेल. तुमचीही नोंद त्याच बैठकीत बघून घ्या.

ऑक्टोबरपर्यंत मुलाखतीची तारीखच मिळाली नाही तर? मग अर्ज प्रलंबित ठेवा किंवा सोडून द्या. नकार झालेला नसल्यानं ईस्टा शाबूत आहे. त्या वेळी मिस्टरांनी तुमच्याबरोबर जाऊ नये. तुम्ही ऑक्टोबरअखेर पुढं जा, ते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात येतील आणि मार्चअखेर तुमच्याबरोबरच परततील. बाळंतपणाच्या दिवसांत लेकीला आई हवी असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये घराला आजोबा लागतील. बाळाचा जन्म त्यांच्या डोळ्यांसमोर होणार नाही याचं त्यांना वाईट वाटेल, ते मी समजू शकते. पण तीन महिने आधी राहून बाळ ओळख देऊ लागतं तेव्हाच निघून येण्यापेक्षा हे बरं. तुम्ही एकट्यानं विमान बदलायला घाबरत असाल तर व्हीलचेअरची मदत तिकीट काढतानाच मागून घ्या. चालता येत असलं तरी घेतात, त्यात संकोच नको.

लेस्टरचा बेत मात्र बदला. तिथं तुमच्या घरात सगळं उलटं आहे. मिस्टर आपल्याच देशात उतरतात आणि व्हिसा लागतो तुम्हाला. ब्रिटनचा पाहुण्यांचा व्हिसा सहा महिन्यांचा असतो आणि प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधीच त्याचा अर्ज करता येतो. मार्चच्या थांब्यासाठी म्हणाल तर डिसेंबरच्या शेवटी किंवा त्यानंतर, बाळ अगदी लहान असताना, अमेरिकेत बसून तुम्हाला ठसे द्यायला पळावं लागेल. त्यापेक्षा जातानाच थांबा. ऑक्टोबरच्या तारखेनं जुलैअखेर पुण्यातून अर्ज करा, पासपोर्ट वेळेत परत येईल. चार-आठ दिवस नणंदेकडे राहून पुढं जा. प्रवास दोन टप्प्यांत विभागला की गुडघ्यांनाही बरं. आणि अमेरिकेचे दिवस अमेरिकेत उतरल्यावरच मोजले जातात, त्यामुळे लेस्टरचे दिवस कुणाच्याच खात्यात पडत नाहीत.

हे वाचून दुसऱ्या देशांत लेकरं असलेले वाचक तोच नियम आपल्याला लावतील, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. माफीत दिवस कमी आणि व्हिसात जास्त, असं सगळीकडं नसतं. युरोपात शेंगेन देशांत व्हिसा घेऊन जा की माफीवर, कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. तिथं पर्यटक व्हिसा काढून दिवस वाढत नाहीत. कॅनडात दोन्हीकडं साधारण सहा महिने मिळतात, पण मुलगा-मुलगी तिथले नागरिक किंवा कायमचे रहिवासी असतील तर आई-वडिलांसाठी सुपर व्हिसा आहे, त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. कॅनडात नातवंडं असतील तर साधा व्हिसा काढण्याआधी त्याची चौकशी कराच. ऑस्ट्रेलियात ब्रिटिश पासपोर्टवर ऑनलाइन मिळणारी परवानगी एका फेरीला तीन महिन्यांची आणि आपल्याला लागणारा पर्यटक व्हिसा बारा महिन्यांपर्यंतही मिळू शकतो. म्हणजे तिथं कमी ताकदीचा समजला जाणारा आपला पासपोर्ट जास्त दिवस देऊन जातो.

विम्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मिस्टरांच्या बाबतीत ते विचारायला हवं. इंग्लंडात इतकी वर्षं कर भरला म्हणून तिथली आरोग्यसेवा अमेरिकेतलं बिल भरत नाही. अमेरिकेची मेडिकेअर ही सरकारी आरोग्यविमा योजनाही पाहुण्यांना नसते. विमा घेताना दोन गोष्टी बघा. आधीपासूनचा आजार, म्हणजे साखर, रक्तदाब, अचानक बळावला तर त्यात धरलाय का, आणि प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम देणारी स्वस्त पॉलिसी आहे की खरं बिल भरणारी. स्वस्तातली घेऊन तिकडं एक रात्र हॉस्पिटलात काढावी लागली तर पाच महिन्यांचा सगळा खर्च एका बाजूला आणि ते बिल एका बाजूला. पाच महिन्यांची औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. आणि डिंकाच्या लाडवांपासून हळदीपर्यंत जे काही न्याल ते उतरताना विचारल्यावर सांगून टाका. सांगितलं की फार तर काढून घेतात, लपवलं तर दंड होतो.

राहिली तुमची पेन्शन. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि तेव्हा तुम्ही तिकडं असाल. बाळंतपणाच्या धावपळीत हे हमखास विसरतं आणि पेन्शन थांबते. निघण्याआधी बँकेत आणि पंचायत समितीत जाऊन विचारा, की मोबाइलवर चेहरा दाखवून होणारं जीवन प्रमाण त्यांना चालेल की भारतीय वकिलातीचा दाखला हवा. न्यू जर्सी न्यूयॉर्कच्या आपल्या वकिलातीच्या अखत्यारीत येतं, तिथून तो मिळतो. बाळ व्हायच्या आधी, नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात जावयांना घेऊन ते काम उरकून टाका.